बारावी मागणी: रोमानियातल्या हंगेरियन लोकांचा १५ मार्च

१५ मार्चला रोमानियात सुट्टी नसते. बँका चालू, कचेऱ्या चालू. तरीही त्या दिवशी देशाच्या पार आतल्या भागातल्या केझ्दिवाशारहेय नावाच्या एका छोट्या गावाचा चौक माणसांनी भरून जातो. मार्च अर्धा सरलेला असतो, पण तिथली थंडी हटलेली नसते. आसपासच्या खेड्यांतून घोडेस्वारांची पथकं येतात. अंगात गोंडे आणि जरीच्या पट्ट्या लावलेले जुन्या घोडदळाचे डगले, कमरेला तलवार, घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफा. मागे शाळांची पथकं, बँड, आजी-आजोबा. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कोटावर, डाव्या बाजूला, काळजाशी, लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचं चुण्या घालून केलेलं एक छोटं गोल फूल.

भाषणं हंगेरियनमध्ये, गाणी हंगेरियनमध्ये, झेंड्यांचे रंग हंगेरीचे. आणि हंगेरी? ती शेकडो किलोमीटर पश्चिमेला. त्या मानाने रोमानियाची राजधानी बुखारेस्ट बरीच जवळ.

बाहेरून पाहणाऱ्याला हे कोडं वाटतं. रोमानियाच्या पोटात हे कोण लोक आहेत, दुसऱ्याच देशाचा राष्ट्रीय सण का साजरा करतात, आणि शेजारच्या रोमानियन माणसाच्या कपाळावर त्या दिवशी आठी का पडते? नीट पाहिलं तर या सगळ्याचं उत्तर १८४८ सालच्या एका मागणीपत्रातल्या शेवटच्या ओळीत आहे. तिथवर जायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

परदेशात साजरा होणारा सण म्हटलं की आपल्यासमोर महाराष्ट्र मंडळ उभं राहतं. माणसं नोकरीसाठी गेली, जाताना गणपती घेऊन गेली. इथे तसं काही झालेलं नाही. ही माणसं कुठेही गेली नाहीत. एक घर डोळ्यांसमोर आणा, याच गावातलं. १९०० साली त्या घरात जन्मलेला मुलगा हंगेरीत जन्मला. त्याचा मुलगा १९२५ साली त्याच घरात जन्मला, पण रोमानियात. त्याला १९४२ साली मुलगी झाली, ती परत हंगेरीत, कारण दुसऱ्या महायुद्धात काही वर्षं सीमा पुन्हा सरकली होती. तिचा मुलगा १९७० सालचा, तो पुन्हा रोमानियात. चार पिढ्या, एक घर, एकच भाषा, आणि जन्मदाखल्यावरचं देशाचं नाव तीन वेळा बदललेलं. घर इंचभर हललं नाही, सीमा हलत राहिली. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना याची थोडीफार कल्पना लगेच येईल. फरक इतकाच, की तिथे राज्य बदललं, इथे अख्खा देश.

ही जी भूमी इकडून तिकडे गेली तिचं नाव ट्रान्सिल्व्हेनिया. आपल्याला ती ड्रॅक्युलामुळे माहीत, आणि त्या एका रक्तपिपाशापायी बाकीची सगळी ट्रान्सिल्व्हेनिया झाकली गेली आहे. हंगेरियन तिला एर्देय म्हणतात, रोमानियन अर्द्याल. तिथे शेकडो वर्षं रोमानियन, हंगेरियन आणि जर्मन भाषिक शेजारी-शेजारी राहत आले. २०२१च्या जनगणनेनुसार रोमानियात हंगेरियन लोक सुमारे १० लाख आहेत, जनगणनेत आपला वंश सांगणाऱ्यांपैकी ६ टक्के. १० वर्षांपूर्वीच्या जनगणनेत हाच आकडा सव्वाबारा लाखांच्या आसपास होता, म्हणजे संख्या घटते आहे. काही हंगेरियन क्लूझसारख्या शहरांत विखुरलेले आहेत. पण पूर्वेकडे, कार्पेथियन डोंगरांच्या कुशीत, एक पट्टा असा आहे जिथे तेच बहुसंख्य आहेत. हार्गिता जिल्ह्यात सुमारे ८५ टक्के, कोवास्ना जिल्ह्यात ७० टक्क्यांहून जास्त, आणि मुरेश जिल्ह्याचा काही भाग. या पट्ट्यातल्या लोकांना सेकेय म्हणतात. मध्ययुगात हंगेरीच्या राजांसाठी पूर्वेची सीमा राखणारे हे लढवय्ये. त्याच्या मोबदल्यात त्यांना करांतून सूट आणि स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची मुभा होती. ते सीमेवर बसले होते म्हणूनच आज हंगेरीपासून इतके लांब आहेत. जुन्या राज्याची पूर्व कड आज रोमानियाच्या आतल्या भागात येते.

तिथली गावांची नावं हा एक मजेशीर विषय आहे. प्रत्येक गावाला दोन नावं, आणि वेशीवर दोन भाषांत पाटी. हंगेरियनमध्ये ‘वाशारहेय’ म्हणजे बाजाराची जागा, आपल्या भाषेत पेठ. हार्गिता जिल्ह्याचं मुख्य ठिकाण हंगेरियनमध्ये चीकसेरेदा, रोमानियनमध्ये मिएर्कुरेया चूक. दोन्ही नावांत बुधवार दडलेला आहे, कारण तिथे बुधवारचा बाजार भरायचा. पुण्याच्या बुधवार पेठेतून गेलेल्या माणसाला यात काही नवल वाटायचं कारण नाही. याच सेकेय मुलखातला एक माणूस आपल्याकडे येऊन गेला, हेही जाताजाता सांगतो. शांदोर च्योमा नावाचा हा विद्वान हंगेरियनांचं मूळ शोधायला पायी निघाला, लडाखमध्ये तिबेटी शिकला, १८३४ साली तिबेटी-इंग्रजी शब्दकोश काढला आणि १८४२ साली दार्जिलिंगला तापाने गेला. त्याची कबर तिथे आहे.

आता १५ मार्च.

१८४८ साली हंगेरी स्वतंत्र देश नव्हता. व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग घराण्याची त्यावर सत्ता होती. त्या वर्षी युरोपात एकामागून एक राजधान्या पेटत होत्या. फेब्रुवारीत पॅरिस, १३ मार्चला खुद्द व्हिएन्ना. ही बातमी डॅन्यूबच्या काठावरच्या पेस्ट शहरात पोहोचली तेव्हा पिल्वॉक्स नावाच्या कॅफेत एक तरुण टोळकं बसलेलं असायचं. त्यांच्यात २५ वर्षांचा कवी शांदोर पेतोफी होता. त्याने दोनच दिवसांपूर्वी एक कविता लिहिली होती. तिची सुरुवात साधारण अशी: ऊठ मग्यारा, मायभूमी हाक देते आहे. मग्यार म्हणजे हंगेरियन माणूस. १५ मार्चच्या सकाळी, पावसात, ही मंडळी कॅफेतून निघाली. विद्यार्थ्यांना गोळा करत एका छापखान्यावर गेली. सेन्सॉरची परवानगी न घेता त्यांनी दोन गोष्टी छापून घेतल्या: ती कविता आणि १२ मागण्यांचं एक पत्रक. शाई ओली असतानाच प्रती गर्दीत वाटल्या गेल्या. दुपारी राष्ट्रीय संग्रहालयापुढे छत्र्यांची गर्दी, मग नगरपालिका, मग नदीपलीकडे बुडाला जाऊन तुरुंगातल्या एका लेखकाची सुटका, आणि संध्याकाळी नाट्यगृहात फुकट प्रयोग. त्या एका दिवसात रक्ताचा थेंब सांडला नाही. माझ्या मते हंगेरियन लोकांना तीन राष्ट्रीय सणांपैकी हाच सगळ्यात जवळचा वाटण्याचं कारण हे आहे. २० ऑगस्ट पहिल्या राजाचा, २३ ऑक्टोबर १९५६च्या उठावाचा. १५ मार्च मात्र पंचविशीतल्या पोरांचा.

कोटावरची ती फीत त्याच दिवसांतली. पेतोफीची बायको युलिया सेन्द्रेय हिने त्याच्यासाठी अशी फीत केली असं सांगतात. तिला कोकार्दा म्हणतात. हिरवा रंग आत असावा की लाल, यावर हंगेरियन लोक दरवर्षी मार्चमध्ये नेमाने वाद घालतात. जाणकार सांगतात की रंग आतून बाहेर वाचायचे, म्हणून लाल आत हवा. आजीने शिवलेल्या फितीत मात्र बहुतेकदा तो बाहेर असतो. आजीच जिंकते.

त्या १२ मागण्या आजही कोणी वाचल्या तर मान डोलावेल. छापण्याचं स्वातंत्र्य. लोकांना जबाबदार मंत्रिमंडळ. कायद्यापुढे आणि धर्माच्या बाबतीत सगळे समान. कर सगळ्यांनी भरायचा, सरदारांनीही. वेठबिगारी बंद. राजकीय कैदी मोकळे करा. असं करत करत शेवटची, बारावी मागणी येते, आणि ती जेमतेम एका शब्दाची आहे: ‘एकीकरण’. कोणाचं कोणाशी, ते त्या काळी सांगावं लागत नव्हतं. ट्रान्सिल्व्हेनिया तेव्हा हॅब्सबर्ग राज्याचा एक वेगळा सुभा होता. तो हंगेरीला जोडा, अशी ती मागणी होती.

पेस्टच्या कॅफेत बसून पाहिलं तर यात वावगं काही नव्हतं. जुना मुलूख, तोच मुकुट, तुटलेला तुकडा परत जोडायचा. पण ट्रान्सिल्व्हेनियात तेव्हाही सगळ्यात जास्त लोक रोमानियन होते. बहुतेक शेतकरी, बरेचसे वेठीला धरलेले कुळवाडी. तिथल्या जुन्या व्यवस्थेत तीनच ‘राष्ट्रं’ मान्य होती: हंगेरियन सरदार, सेकेय आणि जर्मन. रोमानियनांना त्या पंगतीत पानच मांडलेलं नव्हतं. मे १८४८च्या मध्यावर ब्लाझ नावाच्या गावाबाहेरच्या माळावर हजारो रोमानियन जमले. आम्हाला चौथं राष्ट्र म्हणून माना, आमची भाषा माना, आणि आम्हाला विचारल्याशिवाय हे एकीकरण करू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. ३० मे रोजी कोलोझवारच्या (आजचं क्लूझ) विधानसभेने एकीकरणाचा ठराव करून टाकला. सभागृहात रोमानियन जवळजवळ नव्हतेच.

एकाच कागदाने एकाच कुळवाड्याला वेठीतून सोडवलं आणि त्याच दमात त्याची ओळख नाकारली. पेस्टच्या क्रांतिकारकांना हे उमगलं नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं तर त्यांना वाटत होतं की जमीन आणि हक्क मिळाले की भाषेचा प्रश्न आपोआप मागे पडेल. हा अंदाज चुकला. असा अंदाज बांधणारे ते पहिले नव्हते, शेवटचेही नव्हते.

त्याच उन्हाळ्यात ब्राशोव्हमध्ये, म्हणजे आपल्या केझ्दिवाशारहेयपासून साधारण ६० किलोमीटरवर, आंद्रेई मुरेशानू नावाच्या रोमानियन कवीने एक कविता लिहिली. तिची सुरुवात: जागा हो, रोमानियना. आज ते रोमानियाचं राष्ट्रगीत आहे. एका वर्षात, एका मुलखाच्या वाट्याला आलेली दोन गाणी. दोन्ही झोपलेल्याला हलवून उठवणारी. उठल्यावर दोघे एकमेकांसमोर उभे राहिले.

पुढचं फार वाईट आहे. १८४८च्या शरद ऋतूत हॅब्सबर्ग सत्ता आणि हंगेरियन सरकार यांचं उघड युद्ध जुंपलं. ट्रान्सिल्व्हेनियातले रोमानियन बहुतांशी बादशहाच्या बाजूने गेले. पश्चिमेच्या डोंगरात आव्राम यान्कू नावाच्या तरुण वकिलाने त्यांचं नेतृत्व केलं. हंगेरियन फौजदारी न्यायालयांनी रोमानियनांना फासावर चढवलं, गावं जाळली. रोमानियन टोळ्यांनी जानेवारी १८४९मध्ये नॉद्येन्येद शहर बेचिराख केलं आणि शेकडो हंगेरियन मारले. पेस्टमध्ये १५ मार्चला रक्त सांडलं नव्हतं. ट्रान्सिल्व्हेनियात ते वर्षभर सांडत राहिलं. म्हणून या दिवसाची आठवण तिथे कधीच नुसती वसंताची आणि कवितेची असू शकत नाही.

सेकेय मुलूख तेव्हा चहूबाजूंनी वेढला गेला होता. नोव्हेंबर १८४८मध्ये तिथल्या पुढाऱ्यांची सभा भरली. लढायला माणसं आहेत, तोफा नाहीत, शरण जावं का, असा सूर होता. तेव्हा आरोन गाबोर नावाचा एक माजी तोफखान्याचा शिपाई उभा राहिला. शिपाईगिरी सुटल्यावर सुतारकाम करून पोट भरणारा हा गडी म्हणाला, तोफा होतील. आणि त्याने खरंच केल्या. आधी एका लोखंडाच्या भट्टीत, मग केझ्दिवाशारहेयमधल्या एका तांबटाच्या कारखान्यात. धातू कुठून आणायचा? गावोगावच्या चर्चनी आपल्या घंटा उतरवून दिल्या. रविवारी प्रार्थनेला बोलावणारी घंटा वितळून तिची तोफ झाली. अशा ६०-७० तोफा त्याने ओतल्या आणि २ जुलै १८४९ रोजी लढाईत तो मारला गेला. केझ्दिवाशारहेयच्या चौकात घोडेस्वार ज्या पुतळ्याभोवती जमतात तो याचा.

पेतोफी कुठे गेला? तो ट्रान्सिल्व्हेनियातच आला. तिथल्या हंगेरियन फौजेचा सेनापती जोझेफ बेम नावाचा म्हातारा पोलिश होता. सैनिक त्याला प्रेमाने ‘बाबा’ म्हणत. पेतोफी त्याचा सहायक झाला. ३१ जुलै १८४९ रोजी शेगेशवारजवळच्या लढाईत बादशहाच्या मदतीला आलेल्या रशियन फौजेने त्यांना उधळलं आणि कवी नाहीसा झाला. प्रेत सापडलं नाही. वय २६. हंगेरीचा हा सगळ्यात मोठा राष्ट्रकवी जन्माने पेत्रोविच. आईची मातृभाषा स्लोव्हाक. नाव त्याने स्वतः बदलून घेतलं होतं. रक्त आणि वंशाच्या गप्पा मारणाऱ्यांना ही गोष्ट हळूच ऐकवावी.

याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली, जी भाषणांत क्वचितच येते. २८ जुलै १८४९ रोजी हंगेरियन संसदेने एक कायदा करून रोमानियन आणि इतर भाषिकांना भाषेचे हक्क दिले. रोमानियन क्रांतिकारक निकोलाए बाल्चेस्कू याने दोन्ही बाजूंना बसवून ही तडजोड घडवायची खटपट केली होती. तीन दिवसांनी पेतोफी गेला, १३ ऑगस्टला हंगेरियन सैन्याने शस्त्रं खाली ठेवली. मे १८४८मध्ये हाच कायदा झाला असता तर, हा प्रश्न इतिहासात विचारायचा नसतो, पण तो मनात आल्याशिवाय राहत नाही. ६ ऑक्टोबरला अराद शहरात १३ सेनानींना ठार करण्यात आलं. तेव्हा ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे पेले एकमेकांवर आपटले, म्हणून हंगेरियन माणसाने बिअरचा पेला आपटायचा नाही, अशी एक दंतकथा आहे, आणि काही जण आजही ती पाळतात. रोमानियनांना तरी बादशहाची बाजू घेऊन काय मिळालं? एकाला शिक्षा म्हणून जे मिळालं, तेच दुसऱ्याला बक्षीस म्हणून मिळालं: व्हिएन्नाची थेट हुकूमत.

पुढची सत्तर वर्षं भराभर सांगतो. १८६७ साली व्हिएन्ना आणि हंगेरीची तडजोड झाली आणि ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीत विलीन झाली. बारावी मागणी पुरी झाली. त्यानंतर हंगेरीने शाळांतून आणि कचेऱ्यांतून आपली भाषा रेटली, आणि रोमानियनांचा राग साठत गेला. पहिलं महायुद्ध हंगेरी हरली. १ डिसेंबर १९१८ रोजी ट्रान्सिल्व्हेनियातल्या रोमानियनांनी आल्बा यूलियाला जमून रोमानियाशी एकीकरण जाहीर केलं. शब्द तोच, दिशा उलटी. रोमानियाचा राष्ट्रीय दिन आज तोच आहे. ४ जून १९२० रोजी व्हर्सायच्या त्रियानों महालात तहावर सह्या झाल्या आणि हंगेरीने आपला दोन-तृतीयांश मुलूख गमावला. एकट्या रोमानियाला जो तुकडा मिळाला तो उरलेल्या हंगेरीपेक्षा मोठा होता. सुमारे ३० लाखांहून जास्त हंगेरियन नव्या सीमांपलीकडे राहिले. रोमानियनांच्या दृष्टीने बहुसंख्यांना न्याय मिळाला, हंगेरियनांच्या दृष्टीने देश चिरला गेला. दोघांचंही खरं आहे.

आता नकाशा पाहा. पेतोफी जिथे पडला ते शेगेशवार, सैन्य जिथे शरण गेलं ते ठिकाण, जिथे सेनानी मारले ते अराद, जिथे तोफा ओतल्या ते केझ्दिवाशारहेय, सगळं आज रोमानियात. क्रांतीची सुरुवात बुडापेस्टला असली तरी तिचा शेवट ज्या मातीत झाला ती माती सीमेपलीकडे आहे. तिथल्या हंगेरियनाला म्हणूनच वाटतं की आम्ही कुणाचा सण उसना घेत नाही. हा आमच्या अंगणात घडला.

साम्यवादी काळात, विशेषतः हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत, हा सण उघडपणे करणं शक्य नव्हतं. गंमत अशी की केझ्दिवाशारहेयमधला गाबोरचा पुतळा १९७१ सालचा, म्हणजे त्याच राजवटीतला. पुतळा चालत होता, त्याभोवती जमलेली माणसं चालत नव्हती. खुद्द हंगेरीतही राज्यकर्त्यांना या दिवसाची धास्ती होती. तिथल्या साम्यवाद्यांनी १९५१ साली १५ मार्चची सुट्टीच काढून टाकली. तरुण कवी, सेन्सॉर नको, कैदी सोडा: कुठल्याही हुकूमशहाला झोंबेल असा दिवस आहे हा.

डिसेंबर १९८९मध्ये चाउशेस्कू पडला. त्याला पाडणारी ठिणगी तिमिशोआरात पडली. लास्लो तोकेश या हंगेरियन धर्मगुरूला घरातून हुसकावू नये म्हणून आधी त्याच्या चर्चची माणसं दारात उभी राहिली, मग शेजारचे रोमानियन त्यांच्याबरोबर उभे राहिले. तीन महिने वाटत होतं की जुनं सगळं मिटलं. १५ मार्च १९९० रोजी कित्येक दशकांनी ट्रान्सिल्व्हेनियात उघडपणे फिती लागल्या, झेंडे निघाले. चौथ्या दिवशी तर्गू मुरेश शहरात दंगल पेटली. १९ आणि २० मार्च, दोन दिवस. शाळांचं माध्यम, एका औषधाच्या दुकानावरची हंगेरियन पाटी, असल्या कारणांवरून तापलेलं वातावरण, आणि त्यात अफवा. ५ माणसं मेली. आंद्राश शूतो या हंगेरियन लेखकाचा एक डोळा गेला. जमिनीवर पडलेल्या एका माणसाला जमाव मारतो आहे, ही चित्रफीत जगभर दाखवली गेली, ‘रोमानियन जमाव हंगेरियनाला मारतो आहे’ म्हणून. तो माणूस रोमानियन होता.

त्यानंतर तसं पुन्हा झालं नाही, आणि याचं श्रेय दोन्ही बाजूंच्या कंटाळवाण्या राजकारणाला द्यायला हवं. हंगेरियनांचा पक्ष १९९६ साली रोमानियाच्या सरकारात सामील झाला आणि पुढे अनेकदा होत राहिला. त्याच वर्षी दोन्ही देशांनी मैत्रीचा करार केला. २००१च्या कायद्याने ठरलं की जिथे अल्पसंख्याक २० टक्क्यांहून जास्त, तिथे पाट्या आणि कचेरीचा व्यवहार त्यांच्याही भाषेत. मग १५ मार्चला चौकात दोन संदेश वाचले जायची प्रथा पडली: एक बुडापेस्टच्या पंतप्रधानांचा, एक बुखारेस्टच्या. टाळ्या कुणाला जास्त पडतात ते सांगायला नको. पण दुसरा संदेश वाचला जातो, हेही काही कमी नाही.

भांडणं संपलीत असं मात्र नाही. ती आता झेंड्यांवर आली आहेत. चौकात तीन झेंडे दिसतात. लाल-पांढरा-हिरवा हंगेरियन. निळ्यावर सोनेरी पट्टा, सूर्यासारखा तारा आणि चंद्रकोर असलेला सेकेय. आणि निळा-पिवळा-लाल रोमानियन. रोमानियाच्या कायद्याच्या नजरेत पहिला हा परक्या देशाचा झेंडा आहे. तो कधी, कुठे, कशासोबत लावायचा याचे नियम आहेत, आणि नगरपालिकेवर तो लावल्याबद्दल महापौरांना दंड झाले आहेत. हंगेरियन म्हणतात, हा देशाचा नाही, आमच्या समाजाचा झेंडा आहे. कापड एकच, अर्थ दोन. २०१३ साली तर सेकेय झेंड्यावरून दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांत जुंपली होती. हंगेरियनांच्या बाजूनेही आगाऊपणा होतो. २०११ साली १५ मार्चच्या तोंडावर चीकसेरेदाच्या चौकात एका अतिरेकी कार्यकर्त्याने आव्राम यान्कूच्या बाहुल्याला फाशी दिली. रोमानियनांच्या लेखी यान्कू म्हणजे काय, हे लक्षात घेतलं की त्यांचा संताप कळतो. हंगेरियन पुढाऱ्यांनीही त्या प्रकाराचा निषेध केला.

मग हे लोक नक्की कुणाचे? २०११पासून हंगेरीने सीमेपलीकडच्या हंगेरियनांना तिथे राहायला न येताही नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. १० लाखांहून जास्त लोकांनी ते घेतलं, त्यांत सगळ्यात मोठा वाटा ट्रान्सिल्व्हेनियाचा. २०१४ ते २०२२च्या निवडणुकांत त्यांची टपालाने आलेली मतं ९० टक्क्यांहून जास्त हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांच्या पक्षाला पडली. यावरून ते बुडापेस्टच्या खिशात आहेत असं ठरवायचं, तर २०२५चा मे महिना आठवावा. रोमानियाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉर्जे सिमियॉन हे उग्र रोमानियन राष्ट्रवादी उमेदवार आघाडीवर होते. २०१९ साली उझ खोऱ्यातल्या सैनिकी दफनभूमीच्या फाटकावर झालेल्या रेटारेटीमुळे सेकेय लोक त्यांना चांगलंच ओळखून होते. अशात ओर्बान त्यांच्याबद्दल बरं बोलले. ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियन पक्षाने लगेच जाहीर विरोध केला, आणि हार्गिता जिल्ह्यात सुमारे ९० टक्के मतं समोरच्या निकुशोर दान यांना पडली. दान निवडून आले. हंगेरियन मत रोमानियाचा अध्यक्ष ठरवायला कामी आलं, आणि तेही बुडापेस्टचा इशारा न मानता.

स्लोव्हाकियाच्या दक्षिणेत, सर्बियाच्या वोइवोदिनात, युक्रेनच्या पश्चिम टोकाला, जिथे जिथे हंगेरियन राहतात तिथे १५ मार्च होतो. पण प्रत्येक ठिकाणचा तोल वेगळा. ट्रान्सिल्व्हेनियाइतका गुंता इतरत्र नाही, कारण ती बारावी मागणी तिच्याचबद्दल होती.

मार्चमध्ये त्या भागात फिरलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. रोमानियन लोक १ मार्चपासून छातीवर लाल-पांढऱ्या दोऱ्याचं एक छोटं लेणं लावतात, मर्त्सिशोर नावाचं, वसंत आला म्हणून. ते काही दिवस राहतं. १५ तारखेला त्याच बसमध्ये, त्याच रांगेत, शेजारच्या कोटावर लाल-पांढरी-हिरवी फीत दिसते. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटावीत इतकी ती छोटी असतात.

चौकातला कार्यक्रम आटोपतो तो दोन गीतांनी: आधी हंगेरीचं राष्ट्रगीत, मग सेकेय लोकांचं. घोडे परत फिरतात. कडेच्या टपरीवर लाकडी दांड्याला कणकेची पट्टी गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले, साखर करपून खरपूस झालेले गोल केक निघत असतात. पोरं त्यांची वळी सोडवत खातात. गाबोरने ओतलेल्या तोफांपैकी टिकून राहिलेली एक काही दशकं बुखारेस्टच्या संग्रहालयात होती. २०१० साली ती सेकेय मुलखात परत आली आणि शेप्शिसेन्तज्यर्जच्या संग्रहालयात ठेवली गेली. एके काळी चर्चच्या मनोऱ्यात वाजणारा तो धातू असा शंभर-दीडशे वर्षांत घंटा, तोफ आणि मग काचेपलीकडची वस्तू झाला. शाळेच्या सहली येतात, आणि काचेवर नाक टेकवून पोरं तोफेच्या तोंडात काय आहे ते बघतात.